सत्तरच्या पुढे थरथरणारी पिकअप

दोन रस्ते, एक गाडी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मालवाहू पिकअपचा दिवस दोन अगदी भिन्न रस्त्यांवर जातो. सकाळी ती शेताच्या बांधावर, वीटभट्टीवर किंवा एखाद्या फार्महाउसच्या बांधकामावर असते. तेथे वेग ताशी वीसच्या पुढे जात नाही आणि चाकाखाली मुरूम, खडी किंवा चिखल असतो. दुपारनंतर तीच गाडी चौक किंवा खालापूरमार्गे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढते. हा ९४.५ किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. कच्च्या रस्त्यावर गाडी अशीही हादरतच असते, त्यामुळे तिच्यातील सूक्ष्म दोष तेथे झाकलेले राहतात. गुळगुळीत मार्गावर काटा सत्तरच्या पुढे सरकला की ते उघडे पडतात. स्टिअरिंग थरथरते, आसनाखाली झिणझिण्या येतात, आरसा अस्पष्ट दिसू लागतो. मग बॅलन्सिंग होते, अलाइनमेंट होते, कधी टायरही नवे येतात आणि थरथर तशीच राहते. दुरुस्ती फसण्याचे कारण बहुधा कौशल्याच्या अभावात नसते. निदान पुरे होण्याआधीच सुटा भाग बदलला गेलेला असतो.

कंपन म्हणजे काय

फिरणाऱ्या भागाचे वस्तुमान अक्षाभोवती समान वाटलेले नसेल, तो पूर्ण गोल नसेल किंवा वाकडा बसलेला असेल, तर प्रत्येक फेरीत तो गाडीला एक धक्का देतो. सेकंदाला असे किती धक्के बसतात ती कंपनाची वारंवारता होय, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. असंतुलनातून निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंधरा इंची रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी ४० किलोमीटरला सुमारे एक किलो वजनाइतके बल निर्माण होते. ताशी ८० ला तेच चार किलोंच्या आसपास जाते आणि सेकंदाला दहा वेळा दिशा बदलत राहते.

यात अनुनादाची भर पडते. चाक आणि आस यांचा समूह टायरच्या लवचीकतेवर स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने हिंदकळू शकतो. ती सर्वसाधारणपणे १० ते १५ हर्ट्झ असते. चाकाच्या फेऱ्या त्या पट्ट्यात शिरल्या की लहानसा दोषही मोठा जाणवतो. मोटारगाडी हा पट्टा ओलांडून पुढे जाऊ शकते आणि शंभरच्या पुढे तिची थरथर पुन्हा कमी होते. पिकअपला ती सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ नुसार ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या मालवाहू वाहनांत ताशी ८० किलोमीटरचा वेगमर्यादक बसवलेला असतो. त्यामुळे पिकअपची थरथर वाढत वाढत मर्यादेपाशी थांबते, तिचा उतार कधी दिसतच नाही. पासष्टने चालवून दिवस ढकलण्याची सवय चालकांना लागते ती इथूनच.

फेऱ्यांचे गणित

निदानाचा पाया साध्या भागाकाराचा आहे. पिकअपवर आढळणाऱ्या २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा भाराखालील परीघ सुमारे २.१४ मीटर धरता येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणून चाक सेकंदाला सुमारे १०.४ फेऱ्या घेते. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१ धरले, तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४२ ते ४३ फेऱ्या घेतो. त्यावरील युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘क्रॉस’, एका फेरीत दोन धक्के देतो. त्याची वारंवारता म्हणून ८५ च्या घरात जाते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ च्या आसपास असेल, तर इंजिनाच्या फेऱ्या शाफ्टपेक्षा कमी, सेकंदाला ३४ च्या आसपास राहतात.

टायर किंवा डिफरन्शियल वेगळ्या मापाचे असेल तर आकडे बदलतात, त्यांचे परस्परांशी नाते मात्र टिकते. चाकाचे कंपन संथ असते, हाताला त्याचे ठोके जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचे कंपन गुणगुणल्यासारखे असते आणि कानाला घुमारा देते. क्रॉसचे कंपन त्याहून बारीक, पायाच्या तळव्याला मुंग्या आणणारे असते.

रस्ता की गाडी

गाडीला दोष देण्यापूर्वी रस्ता वगळावा लागतो. काँक्रीटच्या रस्त्यात आकुंचनासाठी ठरावीक अंतरावर आडवे सांधे सोडलेले असतात. ते साधारण साडेचार मीटरवर असतील, तर ताशी ८० ला गाडी सेकंदाला जवळपास पाच सांधे ओलांडते. सांध्यांच्या कडा झिजलेल्या असल्या की तेवढेच ठोके बसतात. हा आकडा चाकाच्या फेऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास येतो. टायर बदलले तरी तो बदलत नाही, मार्गिका बदलली की मात्र बदलू शकतो. डांबरी रस्त्यावर तोच वेग धरून पाहिल्यास उलगडा होतो. कर्जत-चौक किंवा जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील मोकळा, सपाट तुकडा त्यासाठी पुरतो.

चालत्या गाडीवरील चाचणी

तीन प्रश्नांनी शोध बराच अरुंद होतो. कंपन गाडीच्या वेगाशी बांधलेले आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी? ताशी ७० किलोमीटर वेग राखून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकला आणि थरथर जशीच्या तशी राहिली, तर इंजिन, क्लच आणि इंजिनाचे माउंटिंग जवळजवळ सुटतात. गाडी उभी असताना इंजिन त्याच फेऱ्यांवर नेऊन पाहणे ही याचीच उलट बाजू. दुसरा प्रश्न जोराचा. ॲक्सिलरेटर दाबताना थरथर वाढते आणि पाय काढताच बदलते किंवा नाहीशी होते, असे असेल तर संशय शाफ्ट, क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि मागील आसाच्या कोनाकडे वळतो. जोर असो वा नसो, ती सारखीच राहिली तर चाके आणि टायर पुढे येतात. तिसरा प्रश्न जागेचा. स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाके, आसन आणि हौदा हलत असेल तर मागची बाजू.

तिसऱ्या प्रश्नावर फार विसंबणे बरे नाही. शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या पिकअपमध्ये मागचा धक्का चौकटीतून केबिनपर्यंत सहज पोहोचतो आणि सैल फाळक्याचा खडखडाटही दोषासारखा भासतो. न्यूट्रलमध्ये गाडी वाहवत ठेवण्याची चाचणी गॅरेजमध्ये लोकप्रिय आहे. ती सपाट, मोकळ्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवूनच करण्यासारखी आहे. बोरघाटाच्या उतारावर न्यूट्रल म्हणजे इंजिनाचा अटकाव गमावून सारा भार ब्रेकवर टाकणे, आणि तापलेले ब्रेक निकामी होऊन तेथे घडणाऱ्या अपघातांमागे हे एक परिचित कारण आहे.

फोनमधील मापक

स्मार्टफोनमधील त्वरणमापक कंपनाची वारंवारता दाखवू शकतो. तशी मोफत ॲपही मिळतात. फोन आसनाच्या लोखंडी पायाला घट्ट बांधून, स्थिर वेगात सहप्रवाशाने नोंद घेतली, की आलेखात शिखर कोठे आहे ते दिसते. ८० च्या वेगाला १० जवळ शिखर आले तर असंतुलन किंवा वेडेवाकडे चाक. २० जवळ आले तर टायर अंडाकृती असण्याची शक्यता, कारण एका फेरीत दोन उंचवटे येतात. ४२ जवळ आले तर शाफ्ट. मर्यादा अशी, की फोन सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचे त्याला खरेपणाने दिसत नाही. क्रॉसचे ८५ चे कंपन तेथे १५ चे भासून शोध चुकून चाकाकडे जाऊ शकतो.

चाक आणि टायर

सर्वांत स्वस्त कारण चिखल आहे. जून ते सप्टेंबर या भागात धो धो पाऊस पडतो, आणि शेतरस्त्यावरील चिकणमाती रिमच्या आतल्या बाजूस थापली जाते. बाहेरून धुतलेली गाडी आतून तशीच राहते. दिवाळीच्या सुमारास ती माती वाळून टणक होते आणि एखादा तुकडा गळून पडला की चाक एका बाजूला जड होते. तिचे वजन शंभर-दीडशे ग्रॅम सहज भरते. मातीसकट बॅलन्सिंग करणे हा त्याहून वाईट प्रकार आहे. पुढे माती निघते आणि बॅलन्सिंगचे शिसे तेवढे उरते.

त्यानंतर टायरचा आकार. ओझे लादलेली गाडी हवा कमी असताना बरेच दिवस उभी राहिली की टायरचा टेकलेला भाग चपटा होतो. थोडे अंतर चालून टायर तापल्यावर हा चपटेपणा बहुधा जातो. जात नसेल तर तो कायमचा झालेला असतो. खडीवरच्या आघाताने आतील धागे तुटले तर बाजूला फुगवटा येतो. असा टायर बॅलन्स करण्याच्या लायकीचाही राहत नाही, तो काढून टाकणे एवढाच उपाय. रिमोल्ड केलेल्या टायरमध्ये नव्या पट्ट्याचा जोड किंवा जाडीतील फरक त्रास देतो. मालवाहतुकीत रिमोल्डला आर्थिक कारण आहे, त्याला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो निदान पुढच्या चाकांवर असू नये, इतकी अपेक्षा मात्र रास्त ठरते.

गोलाई तपासण्यास महाग उपकरण लागत नाही. चाक जॅकवर उचलून, जमिनीवर टेकवलेल्या खुंटीचे टोक टायरच्या पृष्ठभागाजवळ धरून चाक हाताने फिरवले की फट कमी-जास्त होताना दिसते. डायल गेज असेल तर आकडा मिळतो. दीड मिलिमीटरच्या पुढचा वर-खालचा फरक महामार्गाच्या वेगाला जाणवू लागतो. दोष टायरचा की रिमचा हे ठरवण्यासाठी तीच तपासणी रिमच्या कडेवर करतात. वाकडी रिम आणि वाकडा टायर एकत्र आले, तर टायरचा सर्वांत उंच बिंदू रिमच्या सर्वांत खोल बिंदूसमोर येईल असा फिरवून बसवता येतो. अनेक नव्या टायरांवरील लाल ठिपका याच कामासाठी असतो. पिवळा ठिपका टायरचा हलका बिंदू दाखवतो आणि तो व्हॉल्व्हसमोर ठेवतात.

चाके दोषी आहेत का, हे पाहण्याची सर्वांत खात्रीची पद्धत अदलाबदलीची आहे. पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे घेतल्यावर थरथर स्टिअरिंगवरून आसनाकडे सरकली, तर दोष चाकांतच आहे. मग चांगली स्टेपनी एकेका चाकाच्या जागी लावून पाहिली की नेमके चाक सापडते. यात पैसा खर्च होत नाही, तास-दोन तास जातात. भाड्याच्या गाडीला नेमका तोच वेळ नसतो, हे खरे.

बॅलन्सिंग यंत्राच्या मर्यादा

बॅलन्सिंग यंत्र चाक हवेत फिरवते, त्यावर गाडीचा भार नसतो. टायरच्या भिंतीचा कडकपणा एके ठिकाणी जास्त असेल तर भाराखाली तो भाग कमी दबतो आणि चाक उसळते. यंत्र त्याच वेळी शून्य दाखवत असते. म्हणून ‘बॅलन्सिंग बरोबर आहे’ आणि ‘चाक बरोबर आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत. चाकावर भार देऊन मोजणारी यंत्रेही असतात, लहान गावांतील दुकानांत ती क्वचित दिसतात.

दुसरी मर्यादा चाक यंत्रावर बसवण्याची आहे. यंत्राचा शंकू रिमच्या मधल्या छिद्रात बसतो. पिकअपच्या पत्र्याच्या रिमचे छिद्र गंजलेले किंवा ठेचलेले असेल तर चाक तेथेच तिरपे बसते आणि यंत्र त्या तिरपेपणाचे माप देते. शून्य आल्यावर चाक सैल करून, अर्धा फेरा वळवून पुन्हा बसवले आणि वाचन दहा-पंधरा ग्रॅमच्या पुढे गेले, तर आधीचे बॅलन्सिंग निरर्थक समजावे लागते. ही तपासणी मिनिटभराची आहे, तरी ती क्वचितच होते.

रिमची बैठक

रिम आणि हब यांचे पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत. मध्ये गंजाचा पापुद्रा किंवा वाळलेली माती आली, तर उत्तम बॅलन्स केलेले चाकही गाडीवर डगडगते. दसऱ्याला रिमांना हौसेने दिलेला रंग हेही एक कारण ठरू शकते. बैठकीच्या जागेवर आणि नटांच्या खळग्यांत रंगाचा जाड थर बसतो, पुढे तो दबतो आणि नट सैल होतात. तेथील रंग तारेच्या ब्रशने काढणे आवश्यक असते. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळत, दोन-तीन टप्प्यांत आणि शेवटी टॉर्क रेंचने आवळले की चाक मध्यावर बसते. हवेच्या गनने एका दमात कसलेले नट चाक तिरपे बसवू शकतात.

प्रोपेलर शाफ्ट

मागील चाकांना गती देणाऱ्या लांब पिकअपमध्ये शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग त्याला आधार देते. क्रॉसमधील सुईसारख्या बेअरिंगमध्ये पावसाचे पाणी शिरले की ग्रीस जाते, तेथे लाल गंजाची भुकटी दिसते आणि शाफ्ट हाताने पिळल्यास ढिलेपणा जाणवतो. सेंटर बेअरिंगचे रबर फाटले की शाफ्ट मध्यावर लोंबकळतो. दगड लागून नळीला पोचा पडणे, कारखान्यात वेल्ड केलेली बॅलन्सची पट्टी गळून जाणे, शाफ्टला गोणीची सुतळी किंवा तार गुंडाळली जाणे, एवढ्यानेही त्याचे संतुलन बिघडते. शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे येथे थोडे ग्रॅमही भारी पडतात.

मानवनिर्मित दोष यापेक्षा अधिक चकवतो. क्रॉस बदलण्यासाठी शाफ्ट सोडताना खुणा केल्या नाहीत आणि सरकत्या सांध्याचे दाते एखाद्या घराने पुढे-मागे बसले, तर क्रॉसला धरणारे दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. तिरकस कोनात काम करणारा क्रॉस फिरत्या गतीत प्रत्येक फेरीला दोनदा चढ-उतार निर्माण करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढ-उतार उलटा करून पुसून टाकतो, आणि यासाठीच योकांची जुळणी लागते. जुळणी बिघडली की दोन्ही चढ-उतार एकमेकांत मिळतात. ‘क्रॉस नवा टाकला, तेव्हापासूनच थरथर’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. सोडण्यापूर्वी रंगाच्या चार खुणा केल्या की हा प्रश्न उद्भवत नाही.

वाढवलेला पाटा

या भागातील पिकअपमध्ये सर्वांत दुर्लक्षित कारण हेच असावे. विटा, रेती किंवा भाताच्या गोण्या क्षमतेपेक्षा जास्त भरता याव्यात म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवले जातात. हे काम स्वस्त असते, तासाभरात होते आणि त्याचा महामार्गावरील थरथरीशी संबंध कोणी जोडत नाही. संबंध मात्र थेट आहे. पाटे वाढल्यावर रिकाम्या गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. आस चाकांबरोबर खालीच राहतो, म्हणून शाफ्टचा उतार वाढतो. क्रॉसच्या गतीतील चढ-उतार कोनाच्या वर्गाने वाढतो. कोन दुप्पट झाला की तो चौपट होतो.

कोन मोठा असला तरी दोन्ही टोकांना सारखा असेल तर बरेचसे निभते. पाटे वाढवताना पाट्याची आसावरील बैठक तिरपी झाली, तर डिफरन्शियलचे तोंड वर किंवा खाली वळते आणि ही समानताही जाते. दोष ओळखण्याची खूण ठळक आहे. रिकामी गाडी थरथरते, माल भरला की शांत होते. भारामुळे कमान बसते आणि कोन मूळ जागी येतात. ही खूण असताना बॅलन्सिंगवर खर्च केलेला पैसा वाया जातो. याच्या उलट, भरलेली गाडीच थरथरत असेल तर बसलेली कमान, कमी हवा, सैल यू-बोल्ट किंवा थकलेले टायर शोधावे लागतात. यू-बोल्ट सैल असल्यास जोर देताच आस पाट्यांवर पिळला जातो आणि कोन क्षणोक्षणी बदलतो.

कोन मोजण्यास कोनमापक पुरतो, फोनमधील पातळी मापकही चालतो. गाडी सपाट जमिनीवर आपल्या चाकांवर उभी असावी. चौकटीखाली जॅक देऊन आस लोंबकळत ठेवला तर माप खोटे येते. गिअरबॉक्सची बाहेर येणारी फ्लँज, शाफ्टची नळी आणि डिफरन्शियलची फ्लँज यांचे कोन घेऊन प्रत्येक क्रॉसचा कोन वजाबाकीने काढतात. जोडीतील दोन कोनांत एक अंशापेक्षा अधिक फरक नसावा आणि वेगाने फिरणाऱ्या शाफ्टसाठी ते साधारण तीन अंशांच्या आत असावेत. अगदी शून्य कोनही घातक असतो, कारण क्रॉसमधील सुया जागच्या जागी राहून एकाच ठिकाणी खाच पाडतात. दुरुस्ती म्हणजे पाटे मूळ संख्येवर आणणे. तसे करायचे नसेल तर आस आणि पाट्यांच्या मध्ये उतरत्या जाडीची पोलादी पाचर घालून डिफरन्शियलचे तोंड फिरवतात, गरज पडल्यास सेंटर बेअरिंगचा कंसही चकत्या घालून खाली घेतात. पाचरेने दोन कोनांची समानता साधते, वाढलेला कोन तसाच राहतो. जास्त भाराने चौकट आणि ब्रेक यांवर पडणारा ताण तर दोन्ही उपायांनी हलत नाही.

ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे

केवळ ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर वेगळ्या वर्गातील आहे. पुढच्या डिस्कची जाडी असमान झाली किंवा मागचा ड्रम अंडाकृती झाला की ती येते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक तापतात, त्यामुळे ती घाट संपल्यावर अधिक स्पष्ट होते.

टाय रॉडचे एंड, बॉल जॉइंट आणि चाकाचे बेअरिंग यांतील ढिलेपणा स्वतः क्वचितच कंपन निर्माण करतो. दुसऱ्याने निर्माण केलेले कंपन तो मोठे करतो. म्हणून सांधे नवे टाकल्यावर थरथर निम्मी होते, उरलेली मात्र हट्टाने टिकते. अलाइनमेंटबद्दलही हेच. ती चुकली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर कडेने झिजतो, परंतु फिरत्या भागाला धक्का देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. झिजलेला टायर पुढे थरथर आणू शकतो, तेवढाच तिचा अप्रत्यक्ष वाटा.

दुरुस्तीचा क्रम आणि पडताळणी

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चाचणी, हा क्रम मोडला की नेमके कशाने बरे झाले ते कळत नाही. चिखल आणि हवा आधी, मग चाकांची अदलाबदल, बैठक आणि गोलाई, त्यानंतर बॅलन्सिंग, आणि शेवटी शाफ्ट व कोन, अशी चढत्या खर्चाची मांडणी सोयीची पडते. रिकाम्या गाडीत थरथर आणि भरल्यावर शांतता ही खूण दिसली तर मात्र उलटे, पाट्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. पडताळणी रिकाम्या आणि नेहमीच्या भाराच्या अशा दोन्ही स्थितींत होते. चाके काढून बसवली असतील तर नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासले जातात. कर्जतहून वाशीच्या बाजारात माल टाकून परतेपर्यंत तेवढे अंतर होते.